आधी वही, मग विंडोज



घरात एकच इंजिनिअर असला की दिवाळीत फराळाच्या बशीपाठोपाठ एखादी बिघडलेली वस्तूही त्याच्यासमोर येते. यंदा माझ्यासमोर आला बाबांचा कॉम्प्युटर. मी बी.ई. केलं ते कलाभवनात, सयाजीराव महाराजांनी 1890 साली सुरू केलेल्या. नोकरी सॉफ्टवेअरमध्ये. पण दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी या सगळ्याचा अर्थ एकच, "त्याला कॉम्प्युटरमधलं कळतं."

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. त्यामुळे मशीन बंद पडत नाही, पण सुरक्षेचे नेहमीचे अपडेट थांबतात. नोंदणी केली तर ते 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात, पण ती तात्पुरती सोय. बाबा त्याच मशीनवर बँकेचे व्यवहार करतात, म्हणून म्हटलं, विंडोज 11 टाकूनच देऊ. तपासणी केली तर उत्तर आलं, हा पीसी विंडोज 11 साठी पात्र नाही.

"अरे, 2018 साली तर घेतलाय. इतक्यात म्हातारा झाला?" बाबा म्हणाले.

म्हातारा नव्हता. आत इंटेलचा आठव्या पिढीचा आय-फाइव्ह आहे आणि विंडोज 11 ला तो चालतो. गोम अशी, की मशीन असेंबल केलेलं. कंपनीच्या लॅपटॉपमध्ये सगळी सेटिंग कारखान्यातूनच लावून येतात. आपल्या असेंबल्ड पीसीत ती दुकानातल्या मुलाने त्याच्या सवयीप्रमाणे लावलेली असतात, आणि नंतर कोणाला आठवत नाहीत.

तपासल्यावर दोन गोष्टी सापडल्या. पहिली, टीपीएम 2.0 दिसत नव्हतं. सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी ही तिजोरी आता बहुतेक प्रोसेसरमध्येच असते, पण अनेक मदरबोर्डवर ती बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डावर तिचं नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. दुसरी, विंडोज जुन्या म्हणजे 'लेगसी' पद्धतीने टाकलेलं होतं. विंडोज 11 ला यूईएफआय पद्धत लागते.

मी झोकात बायॉसमध्ये शिरलो, पीटीटी चालू केलं, जुन्या पद्धतीला आधार देणारं सीएसएम बंद केलं आणि मशीन रीस्टार्ट केलं. विंडोज आलंच नाही. दरवेळी फिरून बायॉसचाच पडदा.

मागे उभे राहून बाबा म्हणाले, "सकाळपर्यंत चालत होतं."

हे वाक्य ऐकलं नाही असा इंजिनिअर नसेल. घाबरण्यासारखं काही नव्हतं. डिस्कवरची विभागणी एमबीआर या जुन्या पद्धतीची होती आणि यूईएफआयला सुरू व्हायला जीपीटी लागते. मी क्रम उलटा केला होता. आधी डिस्क बदलायची, मग बायॉस. सीएसएम परत चालू केलं, विंडोज आलं. बाबांनी मात्र तोपर्यंत खुर्ची ओढून माझ्या शेजारी ठाण मांडलं होतं.

"डिस्कला हात लावायच्या आधी माझी 'वही' नीट ठेव," ते म्हणाले.

वही म्हणजे आजोबांच्या आठवणी. आजोबांनी तीन वह्यांमध्ये जुन्या बडोद्याबद्दल लिहून ठेवलं होतं: टांगे, तालीम, वाड्यातली लग्नं, सुरसागरच्या काठावरच्या संध्याकाळी. निवृत्तीनंतर सहा वर्षं रोज थोडं थोडं करत बाबांनी ते टाइप केलं, एकशे चाळीस पानं. मूळ वह्यांपैकी एक वाळवीने खाल्ली. म्हणजे तिच्यातला मजकूर आता फक्त या मशीनमध्ये.

मी फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि नीट उघडते ना, हे बघायला माझ्या लॅपटॉपला लावली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, स्वल्पविराम यांची खिचडी. एक शब्द मराठी नाही.

बाबा काहीच बोलले नाहीत. चष्मा काढून पुसत राहिले. मला ते "सकाळपर्यंत चालत होतं" परवडलं असतं.

फाइल बिघडली नव्हती. बाबांनी तरुणपणी मराठी टाइपरायटर शिकला होता, म्हणून त्यांनी त्याच कळांवर चालणारा एक जुना फाँट घेतला होता. अशा फाँटमध्ये फाइलीत मराठी नसतंच. तिथे साठलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फाँट फक्त त्यांच्या जागी 'क', 'म', 'वेलांटी' अशी चित्रं काढतो. फाँट आहे तोवर मराठी. फाँट नाही, तर खिचडी. आणि तो फाँट फाइलीत नव्हता, सी ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरमध्ये होता.

म्हणजे वैतागून मी डिस्क फॉरमॅट करून नवं विंडोज टाकलं असतं, तर बाबांची फाइल पेनड्राइव्हवर सुखरूप राहिली असती आणि वाचता मात्र आली नसती. त्या फाँटची सीडी कुठे आहे हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

युनिकोडमध्ये असं होत नाही. तिथे देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा ठरलेला क्रमांक आहे. युनिकोडची पहिली आवृत्ती आली 1991 मध्ये, आणि विंडोज 2000 पासून विंडोजमध्ये देवनागरीची सोय आहे. तुम्ही फोनवर मराठी लिहिता ते युनिकोडच. म्हणून ते बडोद्यात लिहिलेलं बोस्टनमध्येही तसंच दिसतं.

मग अपग्रेड बाजूला ठेवलं आणि तीन कामं केली. जुन्या मशीनवरून पूर्ण वहीची पीडीएफ काढली, फाँट आत बसवून. फाँटची फाइल वेगळी कॉपी केली. आणि मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणला.

तिसरं काम सोपं वाटलं तेवढं नव्हतं. टाइपरायटरवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारतात, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठते. कन्व्हर्टर काही जोडाक्षरांत गडबडला. आणि ऱ्या-र्या मध्ये तर हमखास. आजोबांच्या मुंजीच्या वर्णनात "आचाऱ्यांनी श्रीखंड केलं" होतं, त्याचं झालं "आचार्यांनी श्रीखंड केलं". आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बरं झालं, कधी तरी त्यांनीही करावं." बाबा तेव्हा पहिल्यांदा हसले. पुढचे दोन दिवस ते पीडीएफवरून वाचत गेले आणि मी सुधारत गेलो. मी आयुष्यात पहिल्यांदा आजोबांची वही सलग वाचली ती अशी. तोवर मला ती "बाबांचं काहीतरी टायपिंग" एवढीच माहीत होती.

मग डिस्क. विंडोजमध्येच एमबीआरटूजीपीटी नावाचं साधन आहे, ते डेटा न पुसता विभागणी बदलतं. त्याला आधी फक्त तपासायला सांगता येतं आणि तसंच सांगावं. आमच्याकडे तपासणीच नापास. कारण सी, डी, ई, एफ असे चार ड्राइव्ह! त्यातले शेवटचे 'एक्स्टेंडेड' भागात होते आणि या साधनाला तो भाग चालत नाही. आपल्याकडे दुकानात असे कप्पे पाडून द्यायची पद्धतच आहे. सगळा माल एक्स्टर्नल डिस्कवर नेला, तो उघडून पाहिला, तो एक्स्टेंडेड भाग काढून टाकला, पुन्हा तपासणी. पास. मग बदल, मग सीएसएम बंद, पीटीटी आणि सिक्युअर बूट चालू. विंडोज 10 सुरळीत आलं, आणि त्यावर 11 ही चढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा फोन. "पिन घेत नाहीये. आणि घड्याळ 2018 दाखवतंय."

घड्याळाने उलगडा झाला. बाबा रोज रात्री मेन स्विच बंद करतात. मदरबोर्डवरची बटणासारखी सीआर2032 बॅटरी संपली होती. स्विच बंद झाला की बायॉस सगळं विसरायचा: तारीख, आणि आता पीटीटीसुद्धा. ती तिजोरीच बंद, तर पिन कुठून चालणार? घड्याळ सकाळी चुकतं आणि नेट लागलं की सुधारतं, हे बाबा वर्षभर सांगत होते. मी "चालतंय ना, मग सोडा" म्हणत होतो. पासवर्डने आत शिरलो, बॅटरी बदलली, सेटिंग पुन्हा लावली. आता चालू आहे.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. पुढच्या वेळी घरी गेलात की आईबाबांच्या, आजीआजोबांच्या कॉम्प्युटरवरची एखादी जुनी मराठी फाइल उघडा. वंशावळ, पाककृती, भजनं, मंडळाचे जुने अहवाल, काहीही. त्यातलं एक वाक्य कॉपी करून स्वतःला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. फोनवर मराठी दिसलं तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. खिचडी दिसली, तर विंडोजला हात लावायच्या आधी पीडीएफ काढा आणि फाँट जपून ठेवा. ड्राइव्ह एनक्रिप्ट केलेला असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. अपग्रेड चार दिवस उशिरा झालं तर काही बिघडत नाही.

आणि युनिकोडमध्ये आणायचं असेल तर ज्यांनी टाइप केलंय त्यांना शेजारी बसवा. कन्व्हर्टरला आचारी आणि आचार्य यांतला फरक कळत नाही. त्यांना कळतो.

आजोबांच्या वहीची युनिकोड प्रत आता घरातल्या पाच जणांकडे आहे. बाबांनी चौथी वही सुरू केली आहे, स्वतःची. टाइपिंग विंडोजच्या मराठी फोनेटिक कीबोर्डवर. कुरकुर चालू आहे, "टाइपरायटरसारखी मजा नाही." पण लिहितायत.

भेटू पुढच्या अंकात. तोवर बॅकअप घ्या!