एकच भाजी एकाला कडू, दुसऱ्याला चविष्ट, असं का? जीभेतल्या जीनचा खेळ समजून घ्या

राजूर (ता. वणी): कारल्याची भाजी ताटात आली की एक भाऊ बोटं चाटतो, दुसरा तोंड वाकडं करतो. आई एक, कढई एक, फोडणीही एकच. तरी दुसऱ्याला आपण लगेच 'नखरेल' ठरवतो. पण तो नाटक करत असेलच असं नाही. त्याच्या जिभेला ती भाजी खरोखरच जास्त कडू लागत असू शकते.

कडू चव ओळखतं कोण?

जिभेवरच्या चवकळ्यांमध्ये चव पकडणारे रिसेप्टर असतात. गोड चवीसाठी मुख्यतः एकच जोडी काम करते, तर कडू चवीसाठी सुमारे २५ प्रकारचे रिसेप्टर आहेत आणि प्रत्येकाचा जीन वेगळा आहे. अनेक विषारी वनस्पती कडू असतात, म्हणून शरीराने इथे पहारा कडक ठेवला, असं शास्त्रज्ञ मानतात.

हे कळलं कसं?

१९३१ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स यांच्या हातून पीटीसी नावाची पूड हवेत उडाली. सहकाऱ्याला ती कडू लागली, फॉक्स यांना काहीच चव आली नाही. हा फरक आई-वडिलांकडून येतो, हे लवकरच दिसलं. त्यामागचा टीएएस२आर३८ हा जीन मात्र २००३ मध्ये सापडला.

कोबी, मुळा, मोहरी यांतल्या काही घटकांची रचना पीटीसीशी मिळतीजुळती असते. त्यामुळे या जीनचा परिणाम तिथे दिसतो. कारल्याचा कडवटपणा वेगळ्या रसायनांचा आणि तो ओळखणारे रिसेप्टरही वेगळे. म्हणजे 'कडूचा जीन' असा एकच नाही.

मुलं जास्त नखरे का करतात?

२००५ मध्ये फिलाडेल्फियातल्या मोनेल केंद्राच्या संशोधनात दिसलं की या जीनची एक संवेदनशील प्रत असलेल्या मुलांना, तशाच मोठ्या माणसांपेक्षा कडवटपणा जास्त जाणवतो. पोर मोठं झालं की तीच भाजी खायला लागतं, त्याचं एक कारण हे असू शकतं.

मग ठेच्याचं काय?

तिखट ही चव नाहीच. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या रिसेप्टरला चेतवतं. हा रिसेप्टर शोधणारे डेव्हिड ज्युलियस २०२१ च्या नोबेलचे एक मानकरी आहेत. तिखटाची सवय होते, हे वऱ्हाडी माणसाला वेगळं सांगायला नको. खाणींमुळे वेगवेगळ्या प्रांतांतली कुटुंबं जिथे शेजारी राहतात, त्या राजूरमध्ये तर चव सवयीने बदलते हे गल्लीतच दिसतं.

आरोग्याशी संबंध कुठे?

मीठ कडवटपणा दाबतं. म्हणून कडू जास्त जाणवणाऱ्यांची भाजी खारट, गोड किंवा तेलकट करण्याकडे हात वळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. रक्तदाब असलेल्या घरात हा हिशेब महत्त्वाचा ठरतो. मात्र जीनवरून कोण किती भाज्या खाईल, हे ठरवता येत नाही. अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

आपण काय करावं?

पहिल्या घासाची नावड जीनमुळे असू शकते. पण दहाव्या घासाची आवड आपण घडवू शकतो. नको म्हटलेली भाजी थोडी थोडी, जबरदस्ती न करता, आठ-दहा वेळा समोर आली की अनेक मुलं ती स्वीकारतात. गरोदरपणात आणि स्तनपानाच्या काळात आईने खाल्लेल्या पदार्थांची चवही बाळापर्यंत पोहोचते. म्हणून शिक्षा नको आणि 'याला चालतच नाही' म्हणून कायमची सुटकाही नको. कारल्याऐवजी अंबाडी, तरोटा, पालक असे पर्याय आहेतच.

चवीचे जीन सांगणाऱ्या महागड्या चाचण्यांवर पैसे घालवण्याआधी घरातला खर्रा बंद करावा. तंबाखू-सुपारी-चुन्याच्या या मिश्रणाने तोंडाची आग होते, चव बिघडते, तोंड उघडेनासं होतं आणि कर्करोगाचा धोका वाढतो. जीन बदलता येत नाही, खर्रा सोडता येतो. पोराच्या जिभेला नावं ठेवण्याआधी मोठ्यांनी आपल्या जिभेवर काय ठेवलंय, ते बघावं.