पायथॉनचा क्लास : फी आपली, भवितव्य कुणाचे?

बारावी किंवा पदवी झालेल्या आपल्या मुलामुलींना सध्या एकच सल्ला मिळतो. "पायथॉन शिका, नोकरी लागेल." अक्कलकोटहून सोलापूरला आणि तिथून पुण्याला जाणारा प्रत्येक तरुण हा सल्ला ऐकतो. सल्ला चुकीचा नाही. पण तो देणारा बहुतेक वेळा क्लास विकणारा असतो. म्हणून क्लास निवडणे हा आम्हाला केवळ करिअरचा नव्हे, सामाजिक प्रश्न वाटतो.

ज्यांच्या घरात कुणी इंजिनिअर आहे, त्यांना चांगला क्लास कोणता हे जेवताना कळते. आपल्या पहिल्या पिढीच्या मुलांना ते फक्त जाहिरातीतून कळते. माहितीचे हे नेटवर्क जातीने बांधलेले आहे. त्याची किंमत आपण भरतो, तीही बचत गटाच्या कर्जातून किंवा आईच्या दागिन्यातून. शिष्यवृत्ती मिळते ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला. खासगी क्लासची फी खिशातूनच जाते.

आधी वस्तुस्थिती पाहू. पायथॉन ही भाषा गिडो व्हान रॉसम यांनी तयार केली आणि ती 1991 मध्ये लोकांसमोर आली. ती मोफत आहे, कुणाच्या मालकीची बाजारू वस्तू नाही. पडद्यावर 'जय भीम' उमटवायला जावात आजवर चार-पाच ओळी लिहिल्या जात, पायथॉनमध्ये एक ओळ पुरते. नवशिक्याला ती सोपी वाटते ती यामुळेच. मग जी भाषा मोफत आहे, तिच्या नावावर आपण हजारो रुपये नेमके कशाचे मोजतो? उत्तर एकच असायला हवे : शिकवणाऱ्याच्या वेळेचे. तो वेळ मिळत नसेल तर ती फी नाही, लूट आहे.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. 'शंभर टक्के नोकरीची हमी' असेल तर ती लेखी द्या म्हणावे, आणि नोकरी न लागल्यास फी परत मिळेल का तेही लिहून घ्यावे. बहुतेक हमी इथेच विरघळतात. हप्त्याची सोय सांगितली तर कागद नीट वाचावा. कित्येकदा तो हप्ता नसतो, फायनान्स कंपनीचे कर्ज असते. क्लास बंद पडला तरी कर्ज बंद होत नाही, आणि सही आपल्या बापाची असते.

पुढचा प्रश्न : आठवड्यात किती तास मुलाचे हात कीबोर्डवर असतील? फळ्याकडे पाहून पोहणे येत नाही, तसा प्रोग्रामही येत नाही. तिसरा प्रश्न : कोणती आवृत्ती शिकवता? पायथॉन 2 चा आधार 1 जानेवारी 2020 रोजी संपला. अजूनही तीच शिकवणाऱ्याकडून उठून यावे. शेवटचा प्रश्न : अखेरीस मुलगा स्वतः काय तयार करेल? मुलाखतीत प्रमाणपत्राची चौकट कुणी पाहत नाही, लिहिलेला कोड समजावून सांग म्हणतात.

मग पर्याय काय? केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या व्यासपीठावर एनपीटीईएलचे पायथॉनचे अभ्यासक्रम मोफत शिकता येतात, परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क लागते. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात मराठी, कन्नडसह अनेक भारतीय भाषांत धडे आहेत. सगळे धडे सगळ्या भाषांत नाहीत आणि काही जुने आहेत, तेवढे तपासून घ्यावे. पण आपल्या सीमेवरच्या तालुक्यात, जिथे घरात कन्नड आणि शाळेत मराठी असते, तिथे ही सोय मोलाची आहे. लॅपटॉप नसला तरी मोबाईलच्या ब्राउझरमध्येही छोटे प्रोग्राम चालवता येतात.

काहीजण म्हणतील, फुकटचे कुणी पूर्ण करत नाही. हे बरेचसे खरे आहे. पण कारण आळस नाही. अडल्यावर विचारायला कुणी नसते, हे कारण आहे. श्रीमंताचा मुलगा अडला तर काकाला फोन करतो. आपल्या मुलाचा काका कोण?

तो काका समाजाने व्हायचे आहे. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्ये सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह काढले. मुले हुशार होतीच, त्यांना राहायला जागा आणि एकमेकांची सोबत हवी होती. आजची गरजही तीच आहे. गावच्या विहारात दोन जुने लॅपटॉप, एक इंटरनेट जोडणी आणि आयटीत नोकरीला लागलेला आपला एखादा तरुण रविवारी दोन तास, एवढ्याने सुरुवात होते. जयंतीच्या डीजेवर होणाऱ्या खर्चातला लहानसा वाटा त्याला पुरेल. हे बोलणे काहींना झोंबेल, झोंबू द्या.

आणि शासनालाही सोडता कामा नये. स्पर्धा परीक्षांचे मोफत प्रशिक्षण देणाऱ्या बार्टीने प्रोग्रामिंगचे दर्जेदार प्रशिक्षण तालुक्याच्या पातळीवर आणावे, ही मागणी आपण लेखी, सामूहिकपणे केली पाहिजे. पुण्याला जाऊन राहणे ज्याला परवडते, त्याच्यापुरतेच प्रशिक्षण असेल तर तो सामाजिक न्याय अर्धाच आहे.

कालामांना तथागतांनी सांगितले, कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखा. क्लासच्या फलकालाही हाच नियम लावा. आधी महिनाभर मोफत शिका, स्वतःचे दहा प्रोग्राम लिहा. त्यानंतरही क्लासची गरज वाटली तर जरूर जा. तेव्हा तुम्ही गिऱ्हाईक नसाल, विद्यार्थी असाल.

जय भीम!