मोटार विका, पण तिचा इतिहास खरवडू नका

१/
दिवाळीत आजोळी गेलो होतो. खामगावजवळच्या त्या गावात, एका जुन्या जिनिंग-मालकाच्या वाड्यात, गोठ्याशेजारच्या पडवीत उभी असलेली १९३८ सालची ब्यूइक मी लहानपणापासून पाहत आलो आहे. यंदा ती लालभडक रंगात चकाकत होती. विकायची म्हणून वारसांनी तिला ‘नवी’ करून घेतली होती. मुंबईहून आलेल्या गिऱ्हाइकाने तासभर तिची पाहणी केली आणि निम्म्या किमतीलाही नको, असे सांगून तो परतला. हा थ्रेड त्या नकाराविषयी आहे.

२/
बुलढाणा जिल्ह्यातल्या एका गावात अशी आलिशान मोटार आली कशी? उत्तर कापसात आहे. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात तिथला कापूस थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला. बाजार वाढला, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले आणि काही घरांत पैसा खेळू लागला.

३/
पुढे १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना सुरू केला. आठ सिलिंडरची अमेरिकन मोटार आता केवळ संस्थानिकांची राहिली नाही. व्यापारी, वकील, जमीनदार यांच्या वाड्यांतही ती दिसू लागली. आपल्याकडच्या जुन्या मोटारींचा इतिहास राजेरजवाड्यांपुरता लिहिला जातो, ही आपली पहिली चूक.

४/
या ब्यूइकचे नोंदणी-पुस्तक मी पाहिले आहे. गाडी आली तेव्हा गाव ‘मध्यप्रांत व वऱ्हाडा’त होते. १९५० मध्ये ते मध्य प्रदेशात गेले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. मोटार त्याच पडवीत उभी, पण तिच्या कराच्या शिक्क्यांवरचे सरकार तीनदा बदलले. राज्यपुनर्रचनेचा असा पुरावा आपण अभिलेखागारात शोधत फिरतो.

५/
मागच्या बंपरजवळ चार भोके होती. घरातल्या आजींच्या सांगण्याप्रमाणे, दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले तेव्हा तिथे कोळशाच्या गॅसचे यंत्र बसवले होते. त्या काळी देशभर अनेक मोटारी अशा कोळशावर धावल्या. यंदा रंगाऱ्याने ती भोके लांबी भरून बुजवली. गाडी गुळगुळीत झाली आणि महायुद्धाची एक खूण नाहीशी झाली.

६/
दुसरी खूण इंजिनाची. १९७३ नंतर तेलाच्या किमती भडकल्या आणि पेट्रोल पिणारी ही धूडे पोसणे अवघड झाले. मूळ इंजिन उतरवून डिझेलचे बसवणे हा त्या काळचा सर्रास उपाय होता. इथेही तेच झाले. पण त्या वेळच्या मालकांनी मूळ इंजिन टाकले नाही. जिनाच्या गोदामात पोत्याखाली झाकून ठेवले. ते तिथे जवळजवळ पन्नास वर्षे होते.

७/
यंदा गोदाम साफ करताना ते भंगारात गेले. किलोच्या भावाने. रंगरंगोटीवर जेवढा खर्च झाला, त्याच्या तुलनेत हाती आलेली रक्कम किरकोळ होती. गिऱ्हाइकाने आल्या आल्या पहिला प्रश्न विचारला तो त्याच इंजिनाचा.

८/
त्याचे कारण कायद्यातही आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘विंटेज’ वाहनांसाठी तरतूद झाली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेला हवा आणि वाहन मूळ रूपात हवे. सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. रोजच्या वापरासाठी वा धंद्यासाठी अशी गाडी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन व देखभाल, एवढ्यासाठीच मुभा आहे.

९/
बाजारही आता निव्वळ चकाकीला भुलत नाही. १९२५ ची एक बुगाटी ब्रेशिया स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरील माज्जोरे सरोवराच्या तळाशी सुमारे सत्तर वर्षे पडून होती. २००९ मध्ये तिला वर काढले. अर्धी गंजून गेलेली ती गाडी २०१० च्या लिलावात २ लाख ६० हजार युरोंना विकली गेली आणि पुढे एका संग्रहालयात त्याच अवस्थेत मांडली गेली. तिच्यावर कुणी रंगाचा हात फिरवला नाही.

१०/
आपल्या घरची दोन उदाहरणे पाहा. इंदूरच्या यशवंतराव होळकरांची ड्यूसेनबर्ग परदेशात गेली. कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची मायबाख दसऱ्याच्या सोहळ्यात आजही कोल्हापूरकरांना दिसते. एक गेली, एक राहिली. पण दोघींचा मान टिकला, कारण कुणाची, कुठली, कशासाठी बनली ही त्यांची ओळख पुसली गेली नाही.

११/
यावर कुणी म्हणेल, इतिहासाचे विद्यार्थी गंजालाही वारसा म्हणतात, खर्च मात्र मालकाने करायचा! आक्षेप रास्त आहे. मोटार विकणे हे पाप नाही. ज्याला ती सांभाळता येते त्याच्याकडे ती जावी, हेच अनेकदा तिच्या हिताचे असते. गंज रोखलाच पाहिजे, कुजलेला पत्रा बदललाच पाहिजे. माझे म्हणणे एवढेच की दुरुस्ती आणि खाडाखोड यांत फरक आहे. हेमाडपंती मंदिराच्या दगडावर ऑइलपेंट फासणाऱ्यांना आपण नावे ठेवतो. मग हे वेगळे कसे?

१२/
नियमातल्या ‘मूळ रूप’ या शब्दांशीही माझे थोडे भांडण आहे. कारखान्यातून निघालेले रूप तेवढे मूळ, असे मानले तर वऱ्हाडातली तिची पुढची ऐंशी-पंचाऐंशी वर्षे जणू घडलीच नाहीत. डिझेल इंजिन बसवणाऱ्या गावच्या मिस्त्रीचे कसब हाही इतिहासच. विंटेज नोंदणीसाठी ते इंजिन उतरवावे लागले तर जरूर उतरवा. पण आधी छायाचित्रे घ्या, नोंद करा आणि शक्य असेल तर ते जपून ठेवा. पन्नास वर्षांपूर्वीच्या मालकांना हे शहाणपण होते, ते आपल्याला नसावे?

१३/
म्हणून, कुणाच्या घरी अशी मोटार विक्रीला निघाली असेल तर रंगाऱ्याला बोलावण्याआधी एवढे करा. आहे त्या स्थितीत सर्व बाजूंनी फोटो काढा. चेसिस आणि इंजिनाचे क्रमांक उतरवून घ्या. नोंदणी-पुस्तक, कराच्या पावत्या, जुनी नंबरप्लेट एका पेटीत ठेवा. मूळ रंगाचा तळहाताएवढा तुकडा तरी न खरवडता राखा. काढलेला एकही भाग भंगारात देऊ नका. आणि मोटार चालवणारे, दुरुस्त करणारे यांची नावे विचारून लिहून ठेवा; ती कोणत्याच सरकारी पुस्तकात सापडणार नाहीत.

१४/
आमच्या गावची ब्यूइक अजून पडवीतच आहे. इंजिन परत येणार नाही. भंगारवाल्याकडे मी जाऊन आलो. माल केव्हाच पुढे गेला होता. पण नोंदणी-पुस्तकाच्या प्रत्येक पानाचा फोटो घेतला आहे. डॅशबोर्डच्या खालच्या बाजूला मूळ काळा रंग अजून शाबूत आहे. त्याला हात लावू नका, असे वारसांना सांगितले आणि त्यांनी ते मानले. आजींना आठवलेली दोन ड्रायव्हरांची आणि एका मिस्त्रीची नावे वहीत उतरवली आहेत. मोटार ज्याच्या घरी जाईल, त्याला त्या वहीची प्रतही मिळेल.

१५/
तुमच्या गावातही एखादी मोटार ताडपत्रीखाली उभी असेल. ती विकली जाण्याआधी एकदा वही-पेन घेऊन तिच्याजवळ जा.