समुद्रावर जाण्यापूर्वी तिथी पाहा

टीव्हीवर कॅरिबियन बेटांचे निळे किनारे पाहून मुले विचारतात, "आपण समुद्र कधी पाहणार?" सूर्यमाळच्या डोंगरात राहणाऱ्यालाही समुद्र परका नाही. जव्हार, विक्रमगड, मनोर करीत पालघर गाठले की केळवे जवळच. तेथे सुरूची सावली आहे. शिरगावला किनाऱ्यालगत किल्ला, तर बोर्डीला चिकूच्या वाड्या. भाकरीचे गाठोडे घ्या, मुलाबाळांसह जा. समुद्राला तिकीट नाही.

परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवा. कॅरिबियन बेटांवर भरती-ओहोटीचा फरक बहुधा अर्धा मीटरही नसतो. आपल्याकडे मोठ्या भरतीला तो चार मीटरहून अधिक होतो. ओहोटीत बोर्डीचे पाणी दूरवर हटते, मुले त्यामागे धावतात. पाणी परतते तेव्हा आधी सखल भागातून मागे शिरते आणि वाट अडवते. विहिरीत, नदीत पोहणारा मुलगाही तेथे फसतो.

कोळी बांधवांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दुसरी भरती सुमारे साडेबारा तासांनी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते. पावसाळ्यात पाण्यात उतरूच नका. तेथील कोळ्याला विचारण्यात कमीपणा नाही.

सहल एका दिवसाची असते. सर्वजण घरी परतले, तरच ती आनंदाची!