मैदानावरची गुंतवणूक

शिक्षक मित्रांनो, पिंपळगाव राजाच्या शिवारात कपाशीत तुरीच्या ओळी का घेतात? एक पीक दगा देईल तर दुसरं हाताशी राहावं म्हणून. जोखीम वाटून टाकणं हे गुंतवणुकीचं पहिलं तत्त्व. मग शाळेचा बास्केटबॉल संघ घडवताना आपण ते का विसरतो?

एक उंच मुलगा सापडला की सगळे पास त्याच्याकडेच. पण पाच फाउल झाले की खेळाडू त्या सामन्यातून बाहेर. तो गेला की संघाचे हातपाय गळतात. संघात १२ जण, मैदानात ५ आणि आपला सगळा भरवसा एकावर! याला गुंतवणूक नाही, जुगार म्हणतात.

दुसरं तत्त्व सातत्याचं. वर्षाला ८ टक्के चक्रवाढ व्याज मिळालं तर पैसा साधारण ९ वर्षांत दुप्पट होतो, पण मध्येच काढला नाही तरच. सरावाचंही तसंच. रोज ५० फ्री थ्रो म्हणजे शाळेच्या २०० दिवसांत १०,०००. स्पर्धेच्या आधी आठ दिवस मुलांना उन्हात दमवून ही भर निघत नाही.

तिसरं, हिशोब ठेवा. लांबच्या रेषेबाहेरून बास्केट झाली तर ३ गुण, आतून २. दहापैकी ४ लांबून पडल्या तर १२ गुण, ५ जवळून पडल्या तर १०. पण लांबून तीनच पडल्या तर ९! कोणी कुठून मारावं हे आरडाओरड करून नाही, वही बघून ठरवा.

आता खरी गोष्ट. पडलेला शेअर विकून मोकळं होता येतं. मूल असं विकता येत नाही. ज्याचा 'परतावा' आज दिसत नाही, त्याला वर्षभर बाकावर बसवणं हा हुशार व्यवहार नव्हे. तो आपल्याकडे खेळायला आलाय, आपल्याला कप मिळवून द्यायला नाही.

हा खेळ १८९१ साली अमेरिकेत जेम्स नेस्मिथ नावाच्या एका शिक्षकानेच शोधला. वर्गात १८ विद्यार्थी होते. त्याने ९-९ चे दोन संघ केले. बाकावर कोणीच उरलं नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सरावाच्या प्रत्येक सामन्यात प्रत्येक मुलाला मैदानात उतरवा. कदाचित एखादा सामना हराल. हरा! आपली मुदत एका सामन्याची नाही, त्या मुलाच्या उभ्या आयुष्याची आहे. पटतंय ना?