गोगलगायींवर एक तास

गेल्या एप्रिलात पुण्याचे एक जुने स्नेही सपत्नीक माझ्याकडे आठवडाभर राहून गेले. गृहस्थ विद्वान आहेत. ज्या गावी जातील तिथल्या समाजाविषयी एखादा सिद्धान्त मांडल्यावाचून त्यांना चहा गोड लागत नाही. शनिवारी सकाळी मी दोघांना शेजारच्या बागेत घेऊन गेले. वसंतात दर शनिवारी आमची सहासात मंडळी तिथे जमतात. परत आल्यावर कोट खुंटीला अडकवता अडकवता ते म्हणाले, “वहिनी, एक तास! मी घड्याळ पाहत होतो. एक तास ही माणसे गोगलगायींवर बोलली. ‘प्रकृती कशी आहे’ नाही, ‘मुलगा काय करतो’ नाही. ह्यांना माणसाविषयी बोलताच येत नाही. बाग ही ह्यांची माणसे टाळण्याची युक्ती आहे.” त्यांच्या पत्नी मागे रेंगाळल्या होत्या, त्या पाऊण तासाने आल्या.

पुढे हाच सिद्धान्त त्यांनी पुण्यात एका व्याख्यानात मांडला आणि श्रोत्यांनी टाळ्या दिल्या असे मला कळले. त्या टाळ्या पडल्या नसत्या तर हा लेख लिहिण्याच्या भानगडीत मी पडले नसते.

मी इंग्रजांची वकिली करायला बसलेली नाही. ऑक्सफर्डशायरच्या उत्तरेकडच्या ह्या खेड्यात मला जवळजवळ चाळीस वर्षे झाली, आणि ह्या लोकांविषयीच्या माझ्या तक्रारी एका दिवाळी अंकात मावणार नाहीत. परंतु तक्रार करायची ती खऱ्या दोषाची करावी. आमच्या स्नेह्यांनी नेमके उलटे केले: जिथे ही माणसे माणसांत येतात तीच जागा त्यांनी माणूसघाणेपणाचा पुरावा म्हणून दाखवली.

त्या तासात काय बोलणे झाले ते आधी सांगते. बाकावर रोपांची दाटी होती. कोणी ती वर्तमानपत्राच्या पुंगळ्यांत लावलेली, कोणी दह्याच्या रिकाम्या डब्यांत. एप्रिलात इथे सगळ्यांची एकच काळजी असते: रोपे घरात तरारून आली आहेत, पण मे महिना सरत येईपर्यंत रात्रीच्या हिमाचा भरवसा नाही. म्हणून ती दिवसा बाहेर ठेवायची, रात्री आत घ्यायची, हळूहळू थंडीची सवय करायची. आणि बाहेर ठेवली की शेंबड्या गोगलगायी टपलेल्याच. ह्या गोगलगायींवर जी निळी विषारी गोळी चाले, तिच्यातल्या मेटाल्डिहाइडवर २०२२ साली इथे बंदी आली. तेव्हापासून आमच्यात तीन पक्ष आहेत. एक अंड्याच्या टरफलांचा, एक जमिनीत बशी पुरून तीत बिअर ओतणाऱ्यांचा, आणि एक रात्री बॅटरी घेऊन हातांनी वेचणाऱ्यांचा. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये प्रयोग करून टरफले, तांब्याची पट्टी, बारीक खडी ह्यांचा काही उपयोग दिसत नाही असे जाहीर केले. टरफलपक्षाने तो निकाल मानलेला नाही. आमच्या सभेतही ज्यांचे चुकले ते पक्ष सोडत नाहीत.

आता ह्या बोलण्यात माणूस कुठे होता? होता, पण त्याला ऐकायला कान तयार लागतो. निवृत्त बसचालक म्हणाला, “यंदा स्वीट पीची शेंडे-खुडणी झाली नाही.” ह्याचा अर्थ त्याच्या बोटांचा संधिवात वाढला आहे, हे तिथल्या प्रत्येकाला कळले. लगेच एकीने “मी मंगळवारी त्या बाजूने जाणारच आहे” म्हणून सांगितले. शाळेत परिचारिका असलेल्या बाईंनी फॉक्सग्लव्हची रोपे सगळी वाटून टाकली. फॉक्सग्लव्ह आज लावले तर फुलते पुढच्या वर्षी. ती वाटून टाकणारी बाई पुढच्या वर्षी इथे नसणार. तिची घटस्फोटाची गोष्ट त्या क्षणी सगळ्यांना समजली, आणि कोणी तिला एकही प्रश्न विचारून लाजवले नाही. आपल्याकडे प्रश्न विचारणे म्हणजेच आपुलकी अशी समजूत आहे. मला स्वतःला प्रश्न आवडतात; मीही देशस्थ घरातली आहे. पण प्रश्न न विचारता जाणून घेणे ही एक वेगळी कला आहे, आणि ती येत नाही म्हणून तिला गोठलेपणा म्हणणे हा अडाणीपणा झाला.

ह्यात मी माझ्या पदरचेही सांगितले पाहिजे. १९८६ साली आम्ही हे घर घेतले तेव्हा पुढच्या अंगणात प्रिमरोझ होते, ॲक्विलेजिया होते, आणखी काय काय होते ते ओळखण्याइतकी अक्कल मला नव्हती. आम्ही ते सगळे उपटून सिमेंट घातले. मोटार उभी करायला जागा हवी होती हे एक कारण. दुसरे, जास्त खरे कारण असे की हात मातीत घालणे हे माळ्याचे काम, आणि आम्ही काही माळीकाम करायला परदेशी आलो नव्हतो. आमच्या ओळखीच्या बहुतेक मराठी घरांनी हेच केले. “कसे स्वच्छ दिसते!” असे एकमेकांना म्हणालो. शेजारच्या बाई फक्त इतके बोलल्या, “पावसाचे पाणी कुठे जाईल?” ते २००७ च्या जुलैत त्यांच्याच बागेत गेले. त्या वर्षीच्या पुरानंतर सरकारने १ ऑक्टोबर २००८ पासून नियम केला की, घरापुढे पाच चौरस मीटरांहून जास्त जागेत पाणी न मुरणारी फरशी घालायची आणि पाण्याला दुसरी वाट ठेवायची नाही, तर परवानगी काढावी लागेल. आमचे सिमेंट त्यापूर्वीचे, म्हणून कायदेशीर. बाईंच्या झाडांची मुळे कुजली होती, तीही कायदेशीरच.

२०११ च्या फेब्रुवारीत माझे यजमान गेले. लंडन, लेस्टर, पुणे, सगळीकडून फोन आले: कसे झाले, डॉक्टर काय म्हणाले, आधी काही लक्षण नव्हते का. त्या फोनांनी मला आधार दिला, हे मी विसरणार नाही. पण दहाव्या दिवशी शेजारच्या बाई एका जुन्या वर्तमानपत्रात स्नोड्रॉपचा ठोंब गुंडाळून आल्या आणि म्हणाल्या, “हे आजच लावायला हवे. फूल सरले की पान हिरवे असेतो लावायचे, कांदा वाळला की रुसतो.” लावायचे कुठे? पुढे तर सिमेंट. त्यांनी पहार आणली होती. आम्ही दोघींनी मिळून एक फरशी उचकटली. तासाभरात यजमानांचे नाव एकदाही निघाले नाही. मी आभार मानू लागले तर त्यांनी हात आडवा केला: दिलेल्या रोपाबद्दल आभार मानले तर ते जगत नाही, अशी इथली जुनी समजूत आहे. उठता-बसता ‘थँक यू’ म्हणणाऱ्या ह्या लोकांनी एवढी एकच देवघेव आभारांतून मोकळी ठेवली आहे. आपल्याकडे मनीप्लांट चोरून आणले तरच वाढते म्हणतात, त्याच जातीची ही समजूत. जे विकत घ्यायचे नाही त्याला हिशेब नको.

ह्या ‘कॉटेज गार्डन’चा इतिहासही आमच्या स्नेह्यांना ठाऊक असता तर ते इतक्या लवकर टाळ्यांपर्यंत पोचले नसते. आज हे नाव घेतले की गुलाबांनी लपेटलेले दार डोळ्यांपुढे येते. ते दार हेलन ॲलिंगहॅम (१८४८–१९२६) हिच्यासारख्या चित्रकारांनी रंगवले. मुळात कॉटेज म्हणजे शेतमजुराचे खोपट, आणि त्यापुढची जागा म्हणजे बटाटे, कोबी आणि डुकराचा खुराडा. गायराने कुंपणे घालून बळकावली गेल्यावर मजुराच्या हातात उरलेली ती चार वाव जमीन. आमच्या भागातल्याच ज्युनिपर हिल ह्या वस्तीवर फ्लोरा थॉम्पसनने १९३९ साली ‘लार्क राइझ’ लिहिले. १८८० च्या सुमाराचे तिचे बालपण त्यात आहे. पुरुषांनी भाजी करायची आणि बायकांनी वाटेकडेच्या अरुंद पट्टीत फुले लावायची, अशी तिथे कामाची वाटणी होती. बियाण्याला पैसा नव्हता. म्हणून फुलझाडे शेजारणीकडून मिळतील तेवढीच: एक मूळ, एक फांदी. एकीच्या दारातले दुसरीच्या दारात, आणि त्याबरोबर ते कसे जगवायचे ह्याचे बोलणे. म्हणजे ही बाग कोणी आखली नव्हती. ती कुंपणावरून बोलत बोलत पसरली होती. बोलणे काढून घ्या, बाग उरत नाही.

मग बड्यांची नजर तिकडे वळली. विल्यम रॉबिन्सनने १८८३ साली आपला मोठा ग्रंथ काढला, गर्ट्रूड जीकिलने खोपटांपुढच्या ह्या पट्ट्यांतून पुष्कळ उचलले आणि सरेमधल्या आपल्या ऐसपैस बागेत पगारी माळ्यांकडून ते वाढवले. तिच्याबरोबर काम करणारा वास्तुशिल्पी लचन्स पुढे नवी दिल्ली बांधायला आला, तेवढ्यापुरता आपलाही ह्या घराण्याशी संबंध. मी जीकिलबाईंना नावे ठेवीत नाही. तिचा डोळा असामान्य होता. मार्जरी फिशला तर मी मानतेच. सॉमरसेटमधल्या तिने खेड्यातल्या दारादारांतून नाहीशी होत चाललेली झाडे गोळा करून वाचवली, आणि १९६१ साली त्यावर पुस्तक लिहिले. पण ज्या बायकांच्या दारातून ती आली त्यांची नावे कुठल्या पुस्तकात आहेत? आज तर गावाबाहेरच्या मोठ्या दुकानात ‘कॉटेज गार्डन’ पुठ्ठ्याच्या खोक्यात बांधून मिळते. सहा रोपे, एक नकाशा. शेजारणीची गरज नाही. खरा एकाकीपणा पाहायचा असेल तर आमच्या स्नेह्यांनी त्या दुकानाच्या रांगेत तासभर उभे राहावे.

हे सारे गोड आहे असे मात्र कोणी समजू नये. २०१६ च्या सार्वमताच्या वसंतात आमच्याच मंडळींतला एकजण माझ्यासमोर म्हणाला, “परके फार झाले आहेत,” आणि लगेच पुस्ती जोडली, “तुम्ही नव्हे.” मी त्याच्या बागेकडे बोट दाखवले. स्वीट पी १६९९ साली सिसिलीहून एका पाद्र्याने पाठवलेल्या बियांतून आली. डेलिया मेक्सिकोची, रनर बीन अमेरिकेची, हॉलीहॉक, म्हणजे आपला गुलखैरा, पूर्वेकडचा. “सगळ्यांना परत पाठवले तर तुमच्याकडे काय उरेल?” तो हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, “आणि तो तुमचा हिमालयातला तेरडा? १८३९ मध्ये आणला आणि आमचे सगळे ओढेकाठ खाऊन बसला.” ह्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्याने मत कोणते दिले ते त्याने सांगितले नाही, मी विचारले नाही. पुढच्या शनिवारी तो माझ्यासाठी बीनची बारा रोपे घेऊन आला. कुंपणावरच्या गप्पांनी राजकारण बदलते असा माझा दावा नाही. रोपे मात्र बाराही जगली.

आता मुख्य मुद्दा. स्नेह्यांना जे हास्यास्पद वाटले ते त्यांनी प्रथम इंग्लंडात पाहिले काय? त्यांच्या आईचा परस मला आठवतो. अळू, कर्दळ, गवती चहा, अबोली. त्या भिंतीवरून पलीकडे गवती चहाचा ठोंब जाई आणि अलीकडे अळूचे कांदे येत, आणि त्यासोबत कोणाची सून नांदत नाही, कोणाकडे पैशांची ओढ आहे, कोणाला दिवस गेले आहेत, हे सगळे न बोलता बोलले जाई. बैठकीत बसलेले पुरुष तेव्हाही म्हणत, “बायकांच्या गप्पा चालल्या आहेत.” बैठकीत त्याच वेळी जे चाले त्याला ‘चर्चा’ म्हणत, त्या चर्चेतून एखादे रोप जगल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. दसऱ्याला, दिवाळीला आपण दारावर झेंडू बांधतो. तो मेक्सिकोहून येऊन आपल्या दारापर्यंत पोचला तो काही व्याख्यानांतून नव्हे. कोणीतरी मूठभर वाळलेली फुले कोणाच्या तरी पदरात टाकली असतील. ह्या ज्ञानाला आपल्या वाङ्मयात जागा नाही, कारण ते पदरातून गेले. इंग्रजांना हिणवताना आमचे स्नेही खरे म्हणजे आपल्या आईलाच हिणवत होते.

आणि त्या शनिवारी पाऊण तास मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नी? त्यांचे इंग्रजी जेमतेम आहे. त्या शेजारच्या बाईंना गोगलगायींवर चुलीची राख पसरायला सांगत होत्या. बाई, आता शहाऐंशी वर्षांच्या, “इथल्या पावसात राखेचा चिखल होतो” म्हणून वाद घालत होत्या. एवढेच मी कुंपणाशी ऐकले. मंडळी पुण्याला परतल्यावर आठवड्याने बाईंनी मला विचारले, “तुमच्या मैत्रिणीचे घर पाडायला कधी घेणार?”

मला काहीच माहीत नव्हते. आठवडाभर माझ्या घरात राहून, युरोपच्या भवितव्यावर रोज रात्री बोलून, स्नेह्यांनी एक अक्षर काढले नव्हते की त्यांचा बंगला पुनर्विकासाला दिला आहे, तिथे अकरा मजले होणार आहेत, आणि परसाच्या जागी तळघरात मोटारी उभ्या राहतील. वहिनींनी ते राखेच्या आणि गोगलगायींच्या मध्ये कुठेतरी, तोडक्यामोडक्या इंग्रजीत, एका परक्या म्हातारीला सांगितले होते. देवचाफ्याचे झाड सासूबाईंच्या हातचे आहे, हेही सांगितले होते.

बाईंनी पुस्तकात पाहून ठेवले होते. “तिला सांग, फांदी कापून चार दिवस सावलीत वाळू दे, चीक सुकला की मग लाव. ओली लावली तर कुजेल.” मी त्याच संध्याकाळी फोन केला. वहिनी म्हणाल्या, “ते मला ठाऊक आहे हो. आळीत नऊ घरी फांद्या देऊन झाल्या. दोन राहिल्यात, त्या कोणाला द्यायच्या ते बघतेय. त्यांना म्हणावं, राख कोरडी असतानाच टाका.”