एक हात रिकामा हवा!

प्रत्येक छंदात एक धोक्याचा टप्पा असतो. गाडी शिकून सहा महिने झाले की माणूस एका हातानं स्टिअरिंग धरतो आणि दुसऱ्या हातानं गाणी बदलायला लागतो ना, तोच तो टप्पा! नवशिका घाबरून सांभाळून चालवतो. मुरलेला अनुभवानं सांभाळतो. मधल्याचं काय? त्याला येतंही असतं आणि येतही नसतं. सी-कयाकिंगमध्ये या मधल्या जमातीला ‘इंटरमीजिएट’ असं भारदस्त नाव आहे. सध्या अस्मादिकांचा मुक्काम तिथेच आहे.

इंटरमीजिएट म्हणजे काय, तर कयाक सरळ जाते, हवी तिथं वळते. उलटली तर स्प्रे-स्कर्ट (म्हणजे कॉकपिटचं तोंड बंद करणारं, आपल्या कमरेला असलेलं झाकण) ओढून पाण्याखालून बाहेर येता येतं. स्विमिंग पूलमध्ये रोलसुद्धा जमतो, म्हणजे उलटलेली कयाक आत बसूनच कमरेच्या झटक्यानं सुलटी करता येते. फक्त पाणी शांत हवं! खाडीच्या तोंडातून बाहेर नाक काढलं आणि दुपारचा वारा सुटला की तोच रोल दहातून दोनदा जमला तरी नशीब.

एक खुलासा. बीचवर अर्ध्या तासाच्या भाड्यानं मिळणाऱ्या केशरी-पिवळ्या प्लास्टिकच्या होड्या वेगळ्या. त्यांच्यावर आपण नुसते बसतो. सी-कयाक साधारण ५ मीटर लांब आणि जेमतेम ६० सेंटीमीटर रुंद. तिच्यात बसायचं नसतं बॉस, तिला पॅण्टसारखं घालायचं असतं!

माझी प्रॅक्टिस चालते मालवणजवळ देवबागला. शुक्रवारी रात्री कोकणकन्या पकडायची, सकाळी कुडाळला उतरायचं. रविवारी रात्री परतीची गाडी, सोमवारी ग्रुपमधले बाकीचे नोकरदार खांदे चोळत ऑफिसात. देवबाग म्हणजे जमिनीची एक चिंचोळी पट्टी. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र, टोकाला दोघांचा संगम आणि पलीकडे भोगवे. पूर्वेला आरशासारखं पाणी, आणि माडांतून पाच मिनिटं चालत गेलं की लाटा. आमच्यासारख्या अर्धवटांसाठी याहून सही क्लासरूम नाही.

आमच्या सरांचा पहिला फंडा : खवळलेलं पाणी औषधासारखं डोसात घ्यायचं. पाण्यात उतरण्याआधी तीन प्रश्न. उलटलो तर वारा कुठे नेणार? खाली वाळू आहे की खडक? आणि बरोबर कोण आहे? पहिल्या दोघांची उत्तरं ‘किनाऱ्याकडे’ आणि ‘वाळू’ अशी असतील, तर लाटा थोड्या मोठ्या असल्या तरी चालतात. फार तर नाकातोंडात पाणी जातं आणि आपण वाळूत येऊन पडतो.

शाळेतल्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे आठवतायत? परीक्षेपुरते पाठ करून आपण ते सोडून दिले. इथे तेच कामाला येतात. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो. तेव्हा किनाऱ्यालगतचं पाणी इस्त्री केल्यासारखं दिसतं आणि आपण भुलतो. पण हा वारा आपल्याला हळूहळू आत ढकलत असतो. जितकं आत जावं तितक्या लाटा वाढतात, आणि परतताना सगळा वारा तोंडावर! दुपारी उलट. खारा वारा समुद्राकडून येतो, पाणी भयंकर दिसतं, पण ढकलतो तो घराकडे. त्यामुळे सराव दुपारीच, पण किनाऱ्याला धरून. लांबच्या फेरीला जायचं तर नियम वेगळा. ज्यांच्या अंगणात आम्ही कयाक ठेवतो ते मच्छीमार काका तो एका वाक्यात सांगतात, ‘‘बारा वाजाच्या आदी परत येवा. वारो सुटलो काय मगे दर्या कोणाचा आयकूचो नाय.’’

आता भरती-ओहोटी. कोळ्यांचा एक झकास हिशेब आहे : तिथीला पाऊणनं गुणायचं. चतुर्थीला ४ गुणिले पाऊण म्हणजे ३ वाजता पूर्ण भरती. अष्टमीला ६ वाजता. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराच्या पुढेमागे. मुंबईच्या आसपास हा हिशेब बऱ्यापैकी जमतो. मालवणकडे वेळा थोड्या सरकतात, म्हणून कोष्टक बघायचंच. पण अंदाज बांधायला कालनिर्णय पुरतं!

आता हा हिशेब दुपारच्या वाऱ्याशी जोडून बघा. पौर्णिमा-अमावस्येच्या सुमाराला उधाणाची भरती दुपारच्या आधी संपते आणि ओहोटी लागते. सहा तासांच्या ओहोटीत मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी बाहेर पडतं. म्हणजे दुपारी दोन-तीनला नदीचं पाणी पूर्ण जोरात समुद्राकडे धावतंय आणि त्याच वेळी खारा वारा पूर्ण जोरात आत येतोय. दोघांची टक्कर होते संगमावरच्या उथळ वाळूच्या पट्ट्यावर. लाटा आखूड होतात, उभ्या राहतात, चारी बाजूंनी फुटतात. सकाळी जिथून गप्पा मारत बाहेर पडलो तीच ही जागा, यावर विश्वास बसत नाही.

अष्टमीला मात्र दुपारी भरती असते, तीही भांगाची, म्हणजे कमी जोराची. पाणी आणि वारा दोघंही आत, एकाच दिशेनं. म्हणून आमचा पहिला डोस अष्टमीच्या दुपारचा. उधाणातला संगम आम्ही आधी नुसता किनाऱ्यावर बसून बघितला. पूर्ण दोन तास, वहीत नोंदी करत. तुम्हाला वाटेल टाइमपास. पण कुठल्या पट्ट्यात लाट फुटते, कुठल्या वाटेनं नुसती उचलते हे तिथं कळतं. १ मीटरची लाट साधारण सव्वा मीटर पाण्यात आली की फुटते. म्हणजे फेसाची रांग दिसली की तळाचा नकाशाच मिळाला समजा.

वाऱ्याचंही एक माप ठेवा. ७ ते १० नॉट वाऱ्यात पाण्यावर तुरळक पांढरे तुरे दिसतात, ११ ते १६ नॉटला ते सगळीकडे दिसायला लागतात. (१ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर.) सुरुवात तुरळक तुऱ्यांवर. आणि लाटांची नुसती उंची बघू नका, दोन लाटांमधले सेकंद बघा. १ मीटरची लाट १२ सेकंदांनी आली तर खोल पाण्यात तो झोपाळा असतो. तीच ५ सेकंदांनी आली तर मिक्सर! फक्त हा झोपाळा किनाऱ्याशी आला की दाणकन आपटतो, हे विसरायचं नाही. हैदराबादची ‘इन्कॉईस’ ही सरकारी संस्था समुद्राच्या स्थितीचा अंदाज आणि उंच लाटांचे इशारे देते. शुक्रवारी गाडीत बसण्याआधी तो बघायचा, म्हणजे बघायचाच.

इतका अभ्यास करून पाण्यात उतरलं की शरीर काय करतं? आखडतं! मुठी पॅडलवर आवळल्या जातात, श्वास अडकतो आणि आपण कयाकमध्ये खांबासारखे उभे. मग लाटेनं कयाक तिरकी केली की आपणही तिच्याबरोबर तिरके आणि... डुबुक. विरार फास्टमध्ये काहीही न धरता उभं राहून पेपर वाचणारी माणसं आठवा. डबा हिंदकळतो, त्यांचे गुडघे डबा हलेल तसे हलतात आणि डोकं जागेवर राहतं. इथे गुडघ्यांचं काम कंबर करते. कमरेखालचा भाग कयाकला देऊन टाकायचा, वरचा आपल्याकडे ठेवायचा.

सराव असा. लाटांना आडवं थांबायचं आणि दहा मिनिटं तिथंच राहायचं. पहिली दोन मिनिटं देव आठवतात. पाचव्या मिनिटाला कंबर आपोआप सैल होते. दुसरी गोष्ट, पॅडल चालू ठेवायचं. पाण्यात बुडलेलं पातं म्हणजे तुमचा तिसरा पाय. घाबरून ते हवेत धरलं की तो पाय गेला. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. फुटलेली लाट बाजूनं अंगावर आली की लाटेकडे झुकायचं आणि तिच्यावरच पॅडलचा आधार घ्यायचा. मन ओरडत असतं, ‘लांब हो, लांब हो!’ लांब झुकलात की लाट तुम्हाला किनाऱ्याच्या बाजूला अलगद पालथं घालते. लाटेला टेकलात तर तीच उशी होते आणि कयाकसकट वाळूपर्यंत सोडून येते.

रोलचंही तसंच. पूलमध्ये आपण छान पोझिशन घेऊन, श्वास भरून उलटतो. समुद्र तेवढा वेळ देत नाही. त्यामुळे मुद्दाम लाटांमध्येच उलटायचं, उजवीकडून आणि डावीकडूनही. डोकं सगळ्यात शेवटी पाण्याबाहेर काढायचं. श्वासाच्या ओढीनं ते आधी वर आलं की रोल फसलाच. तीन प्रयत्नांत जमला नाही तर बाहेर पडायचं, पण कयाक आणि पॅडल सोडायचं नाही. आणि कयाक नि किनारा यांच्या मध्ये कधीही यायचं नाही. पाणी भरलेली कयाक सहज शंभर किलोच्या वर जाते, लाट ती तुमच्या अंगावरच आणून घालते.

इथपर्यंत सगळं ‘मी, माझी कयाक आणि माझा रोल’ असं चाललं होतं. मग फेब्रुवारीत सरांनी देवबाग ते निवती अशी उघड्या समुद्रातली फेरी जाहीर केली. मी लगेच नाव द्यायला गेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘तू उलटलीस तर काय करशील ते मला माहितीय. शेजारचा उलटला तर काय करशील?’’

उत्तर पुस्तकातलं येत होतं. टी-रेस्क्यू. आपली कयाक उलटलेल्या कयाकच्या नाकाशी काटकोनात आणायची, ते नाक उचलून आपल्या डेकवर ओढायचं, पाणी सांडलं की सुलटी करून शेजारी लावायची आणि दोन्ही हातांनी तिचा कॉकपिट मिठी मारून धरायचा. पाण्यातला माणूस मागच्या डेकवरून सरपटत आत येतो. नदीत हे आम्ही दीड मिनिटात करायचो.

त्याच दुपारी सरांनी समुद्रात करून दाखवायला लावलं. वारा १२ नॉटच्या आसपास, आमच्या ग्रुपमधला बँकेतला मुलगा ठरल्याप्रमाणे उलटला. मी त्याच्याकडे वळले तर वारा माझी कयाक भलतीकडेच फिरवत होता. नाक हातात आलं, लाटेनं हिसकलं. परत आलं. त्याची कयाक उचलायला दोन्ही हात लागतात, म्हणजे पॅडल सोडून नुसत्या कमरेवर त्या मिक्सरमध्ये बसायचं. गंमत म्हणजे दोन कयाक एकमेकींना घट्ट धरल्या की त्या तराफ्यासारख्या स्थिर होतात. पण तिथं पोचेपर्यंतचा मधला वेळ तुमचा एकट्याचा असतो. तो आत बसला, पाणी उपसून झालं, स्प्रे-स्कर्ट लागला, तेव्हा घड्याळात पाच मिनिटं झाली होती. आणि आम्ही दीडशे मीटर सरकलो होतो. किनाऱ्याकडे, वाळूकडे, कारण ती जागाच तशी निवडलेली होती. तिथं खडक असते तर? वारा मतलई असता तर?

मग सरांनी वाळूवर चार रेघा मारल्या. चौघांचा ग्रुप. एक उलटला. दुसरा त्याला धरून बसलाय, म्हणजे त्याचे हात अडकले. हा तराफा खडकाकडे वाहत असेल तर तिसऱ्यानं दोर लावून ओढायचं. चौथ्याला फक्त स्वतःपुरतं जमत असेल तर आता कोणाकडेच काही उरलं नाही. पुढच्या लाटेला चौथा गेला की सगळा ग्रुप गेला.

२०१५ साली मुंबईचा कौस्तुभ खाडे एकटा कयाकनं मुंबईहून गोव्याला गेला. असं काही वाचलं की आपल्याला स्फुरण चढतं. पण एकटं जायचं तर उलटणारा तुम्हीच आणि वाचवणाराही तुम्हीच. आपण बाकीचे ग्रुपनं जातो, आणि मग आपला रोल किती झकास आहे याला किंमत एवढीच, की तो आला तर आपले हात दुसऱ्यासाठी मोकळे राहतात. खवळलेल्या पाण्यात स्वतःला सांभाळून एक हात रिकामा उरतो का, याच परीक्षेत इंटरमीजिएट पास होतो किंवा बसतो.

मार्चपर्यंत दर वीकएण्डला मी एकदा उलटले आणि दोनदा दुसऱ्याला उचललं. पाच मिनिटांची तीन मिनिटं झाली. निवतीला सकाळी सातला निघालो आणि साडेअकराला परत आलो, कोणीही उलटलं नाही. फोटो अगदी बोअरिंग आले, सगळे नुसते पॅडल मारतायत!

पावसाळ्यात समुद्र बंद असतो. तेवढ्या वेळात पूल गाठा, कंबर सैल करा, दोन्ही बाजूंचा रोल पक्का करा. ऑक्टोबरमध्ये पाणी निवळलं की एखादी अष्टमी बघून खाली उतरा. ट्रेनर हवाच, लाइफ जॅकेट, हेल्मेट आणि शिटी हवीच, शिवाय प्यायचं पाणी भरपूर. आपल्याकडे गारठ्यापेक्षा ऊन जास्त दमवतं. आणि पहिल्याच दिवशी शेजारच्याला विचारून ठेवा, ‘मी उलटले तर तू काय करशील?’ तो हसला तर त्या दिवशी नदीतच राहा!